काळ्यावर काळं

समितीनं यादी दिली, टाइप केलेली, शिक्क्यासकट.
चिंचोळगी गाव. श्रावणात मारलेले. एकूण एक्केचाळीस.
पंचाहत्तरावं वर्ष आहे, येमूल मास्तर,
भिंतीवर लावायला कापड हवं, आठ बाय बारा,
काळ्यावर सोनेरी नावं. लांबून वाचता आली पाहिजेत.

मी नावं विणत नाही. भोकं पाडतो.
कार्डाला जिथं भोक, तिथं हुक उचलतो,
धागा वर येतो, दिसतो.
जिथं कार्ड कोरं, तिथला धागा दबून राहतो खाली.
बापानं जॅकार्डचं एवढंच शिकवलं.

सहा दिवस त्यांच्यात होतो:
निंगप्पा गुरव, त्याची सत्यव्वा,
विहिरीवरून न परतलेली गोदा,
दोन रामा, एकाच आडनावाचे,
कोण कुठला हे यादीला माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी हलीमाबी आली
नातवाच्या स्कूटरवरून, मांडीवर सूप.
"भादव्यातली कुठायत?"
म्हटलं, यादीत श्रावणच आहे.
रागावली नाही. खाली बसली,
पान कापलं, तंबाखू भरली, वळायला लागली.
एक विडी, एक नाव.
अम्मानं असंच पाठ करून घेतलेलं.
कागद कुणाला सापडला असता.

मेहताबसाब पिंजारी. त्याची चाँदबी.
खाजाभाई, ज्यानं श्रावणात पेवात लपवल्या
पाटलाच्या दोन सुना;
भादव्यात त्याच पेवात त्याला.
पंचवीस झाली तशी तिनं दोरा बांधला.

अध्यक्ष सज्जन माणूस. चहा मागवला.
"दुःख त्यांचंही आहेच हो,
पण कार्यक्रम आपला आहे."
'आपला' अशोक चौकापर्यंत चघळत आलो,
सुपारीच्या खांडासारखा. फुटला नाही.

धीट नाही मी. दोनच लूम उरलेत,
मुलगी नर्सिंगला आहे.
सोनेरी एक्केचाळीस सांगितली तशी विणली.
आणि रात्री, खालच्या किनारीत,
काळ्यावर काळ्या धाग्यानं पंचवीस,
तिरका उजेड पडला तरच दिसावीत अशी.
उजेड तिरका पडणार नाही
याची मला खात्री होती, हेही सांगून टाकतो.

समई, हार, पाहुणे, दोन मिनिटं स्तब्धता.
पूर्व भागातले लूम तेवढे चालूच होते,
खिडकीतून खटाखट आत येत.
अध्यक्षांना रडू आलं. खरंच आलं.

खुर्च्या एकात एक घालायला लागले तेव्हा
ती भिंतीपाशी गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
पानं कापून झिजलेला अंगठा
किनारीवरून फिरवत राहिली, शेवटापर्यंत.
"एक कम है, बेटा."
मोजलीत मी, अम्मा. तुम्ही सांगितली तेवढी.
"चाँदबीचं. सहा दिवसांचं होतं.
नाव दुसऱ्या दिवशी ठेवणार होते."

सव्विसावी विडी बंडलात बसायची नाही, म्हणाली.
अम्मा ती सुपाच्या कडेला ठेवायची.
विकायची नाही. कुणाला ओढू द्यायची नाही.

घरी येऊन कार्ड घेतलं. पंच घेतला.
भोक कुठं पाडणार?
पहाटेपर्यंत बसलो, मग कोरंच कार्ड
साखळीत ओवलं, चादरीच्या नेहमीच्या डिझाइनमध्ये,
मोर आणि वेलीच्या मध्ये कुठंतरी.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक चादरीत
धोटा एकदा असा जातो
की एकही धागा उचलला जात नाही.
व्यापाऱ्याचं बोट बरोबर तिथंच पडतं.
"मास्तर, इथं फॉल्ट आहे."
आहे, म्हणतो,
आणि दहा रुपये कमी घेतो.